एबल डोहकरांची सून

"चांगली पोहते, हाच तर सगळा घोळ आहे!"

हे वाक्य, बाळांनो, लव्हाळीने ऐकू नये म्हणून खडकाआड जाऊन बोललं गेलं होतं. पण खडकाच्या दुसऱ्या अंगाला लव्हाळीच खेकडे सोलत बसली होती. सुनांच्या बाबतीत असं होतंच. घरातलं गुपित बोलायला जी जागा सगळ्यांत सोयीची, नेमकं तिथेच त्यांना कामाला बसवलेलं असतं.

बोलत होत्या तिच्या सासूबाई, कालिंदीबाई डोहकर. ऐकत होते बगळे सर.

"नुसतीच पोहते हो ती," सासूबाई पुढे म्हणाल्या, "तोंडाने एक अक्षर सांगत नाही. चार लोकांत कसं दिसतं ते? आमची सून म्हणजे अगदीच... पाण्यातली!"

आता तुम्ही विचाराल, पाणमांजरांची सून पाण्यातली असली तर बिघडलं कुठे? विचारा, विचारा. तुम्ही लहान आहात, तुम्हाला शोभतं.

तर एका जंगलात एक नदी होती. नदीला एक खोल डोह होता. डोहावर पाणमांजरांचं एक खानदान राहत होतं, डोहकर नावाचं. पिढ्यान्‌पिढ्या ही मंडळी पोहत होती, मासे धरत होती आणि त्याबद्दल कुणी कुणाशी अवाक्षर बोलत नव्हतं. मग एकदा शहरातली माणसं होडीतून आली. त्यातल्या एका बाईने पाण्याकडे बोट दाखवलं आणि आपल्या मुलाला इंग्रजी शिकवत म्हटलं, "लुक बेटा, दे आर एबल टू स्विम!"

होडी निघून गेली. डोहकर मात्र जागच्या जागी खिळले.

"ऐकलंत?" कालिंदीबाई म्हणाल्या. "आपण एबल आहोत! आणि आपण मेले इतकी वर्षं नुसतेच पोहत होतो."

लागलीच बगळे सरांना बोलावणं गेलं. सर चार हिवाळे शहराजवळच्या तळ्यावर काढून आले होते. उथळ पाण्यात एका पायावर उभं राहून ते शिकवत. शिकवता शिकवता पायाशी आलेला मासा गिळत. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात मधूनमधून फार विचारपूर्वक विराम येत.

"आपली भाषा बघा," सर म्हणत. "'मला पोहता येतं.' म्हणजे पोहणं कुठूनतरी येतं, आणि तुम्ही आपले कोपऱ्यात 'मला' होऊन बसलेले. इंग्रजीत असला बुळेपणा नाही. आधी 'आय'. मग 'ॲम'. मग तुमचा गुण, 'एबल'. मग 'टू'. आणि सगळ्यांच्या शेवटी, पंगत उठता उठता, काम."

"आणि काम येतच नसेल तर?" एका भाबड्या काकांनी विचारलं.

"तर 'अनेबल टू'," सर म्हणाले. "थाट तोच. इंग्रजीत न येणंसुद्धा भारदस्त दिसतं."

हे डोहकरांना फार म्हणजे फारच आवडलं. थोरले चिरंजीव दुसऱ्याच दिवशी रिकाम्या पंजांनी घरी आले आणि छाती काढून म्हणाले, "आय ॲम अनेबल टू कॅच फिश." टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या दिवशी पानात काही पडलं नाही, पण पंगत मोठ्या अभिमानाने उठली.

मग नियम झाला. वाक्य म्हटल्याशिवाय डोहात उतरायचं नाही. आणि गंमत अशी, की वाक्य एकदा म्हटलं की कुणाला उतरावंसंच वाटेना. सगळ्यांदेखत 'रेडी टू डाइव्ह' झाल्यावर उगाच अंग कशाला भिजवायचं? खानदान काठावर बसून एबल, रेडी आणि फिट होत गेलं. पोटं सुटली. शेपट्या सैल पडल्या.

अशा घरात लव्हाळी लग्न होऊन आली. वरच्या ओढ्यावरची मुलगी. तिच्या माहेरी 'मला पोहता येतं' असं फक्त नुकतीच गटांगळी खाल्लेलं पिल्लू म्हणायचं, तेही रडत रडत. सरांचं वाक्य तिला एकदा ऐकूनच पाठ झालं होतं. पण म्हणायची लाज वाटे. आपणच आपल्याला ओवाळून घ्यावं, तशी.

म्हणून डोह तिला बंद होता. ती घोटाभर पाण्यात खेकडे धरी, अख्ख्या एबल खानदानाला खाऊ घाली, आणि डोहाकडे बघत राही. डोह हिरवागार होता. भर दुपारीसुद्धा त्याचा तळ दिसत नसे. लव्हाळीला त्या तळापर्यंत जायचं होतं. सासरकडून तिला दुसरं काही म्हणजे काही नको होतं.

पूर्वी नवी सून तळाशी बुडी मारून एक गोटा वर आणायची आणि सासूच्या पायाशी ठेवायची. की झाला डोह तिचा. पण गोट्याची चाल आता गावंढळ ठरली होती. आता भावकीच्या बैठकीत वाक्य म्हणायचं. नाही म्हटलं, तर सून परत ओढ्यावर.

"म्हणून टाक ना गं एकदा," तिचा नवरा ओहोळ तिला समजावत होता. "तुझं काय जातंय? मीसुद्धा म्हणतोच की."

लव्हाळीने त्याच्या कोरड्या ठणठणीत मिशांकडे पाहिलं. आणि ती खेकडे धरायला वळली.

बैठकीचा दिवस उजाडला. डोहावर झुकलेल्या कातळावर सगळी भावकी दाटीवाटीने बसली. आधी सासूबाई नमुना म्हणून दाखवणार होत्या. त्या कातळाच्या अगदी टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. "आय ॲम एबल टू स्विम!" असं म्हणून त्यांनी कमरेत वाकून मानवंदना दिली. कातळावर शेवाळ होतं. शेवाळाला इंग्रजी येत नव्हतं.

धप्पकन आवाज झाला.

सासूबाई खाली गेल्या, वर आल्या, पुन्हा खाली गेल्या.

"अहो, आई बुडतायत!" कुणीतरी ओरडलं.

"छे छे," बगळे सर म्हणाले. "आत्ताच नाही का म्हणाल्या त्या? एबल आहेत."

"आय..." वर येऊन सासूबाई म्हणाल्या. खाली गेल्या. "ॲम..."

"पूर्ण करू द्या त्यांना," सरांनी दटावलं. "मध्ये कुणी बोलू नका."

"आय ॲम रेडी टू हेल्प!" थोरले चिरंजीव उठून म्हणाले. टाळ्या पडल्या.

"आय ॲम विलिंग टू जंप!" ओहोळ म्हणाला. त्याला जास्त पडल्या. आतेसासूबाई बसल्या जागेवरून 'हॅपी टू असिस्ट' झाल्या. काठावर इतकी मदत जमली, की बुडणारीने कुणाकडे बघावं हेच तिला कळेना.

लव्हाळी मात्र उठून थेट कडेला गेली होती. तिचे पुढचे पंजे पाण्याला लागणार, तोच सरांनी पंख आडवा घातला.

"वाक्य?"

लव्हाळीने पाण्यातल्या सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनीही सुनेला पाहिलं. सगळा जीव एकवटून त्यांनी डोकं वर काढलं आणि किंचाळल्या, "अडवा तिला! भावकी बघतेय! आधी म्हणू दे!"

लव्हाळी थांबली. दोन पावलं मागे आली. ताठ उभी राहिली, पंजे पोटावर जुळवले, आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"आय ॲम एबल टू सेव्ह माय मदर-इन-लॉ."

काय तो जल्लोष! सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. आतेसासूबाईंनी कडाकडा बोटं मोडली. "डोह तुझा गं बाई, आजपासून डोह तुझा!" असं सगळे एकदम ओरडले. पाण्यात सासूबाईंचा ऊर भरून आला. टाळ्या वाजवायला म्हणून त्यांनी दोन्ही पंजे वर केले. मग पोहायला पंजा उरलाच नाही. चार बुडबुडे आले, तेही कौतुकाचेच असावेत.

लव्हाळी शांतपणे काठावर येऊन भावकीच्या रांगेत बसली. शेपूट नीट आवरून घेतलं.

बऱ्याच वेळाने ओहोळच्या डोक्यात काहीतरी चमकलं. "अगं," तो चाचरत म्हणाला, "आता उडी मार ना!"

सगळी भावकी वळून तिच्याकडे बघू लागली. लव्हाळीने सगळ्यांकडे एकवार पाहून घेतलं.

"आता उडी कशाला?" ती म्हणाली. "म्हटलं ना मी वाक्य."

*

तात्पर्य: बाळांनो, काम येत असेल तर ते लगेच करून टाकू नये, केलेल्या कामाला टाळ्या पडत नाहीत. आणि सासूबाईंची काळजी करू नका. त्या 'एबल टू कम अप' आहेत, असा ठराव भावकीने एकमताने केला आहे, आणि त्या वर येण्याची वाट बघत भावकी अजून काठावरच बसली आहे.