छप्पर, व्हीज-आ-व्ही बादली

ग्रंथालयातल्या मुलांच्या खोलीचं छप्पर गळू लागलं, ही गोष्ट कार्यालयाच्या दृष्टीने अजून घडलेलीच नव्हती. कारण ती साध्या इंग्रजीत कळवण्यात आली होती.

मुलांना गोष्टी वाचून दाखवणाऱ्या बाईंनी लिहिलं होतं, 'छप्पर गळतंय, दुरुस्त करा.' अर्ज परत आला. नवे साहेब नुकतेच कुठल्याशा प्रशिक्षणाहून परतले होते. इंग्रजी पत्रात निदान दोन फ्रेंच आणि एक स्पॅनिश शब्द हवाच, नाहीतर पत्राला वजन येत नाही, असं फर्मान त्यांनी काढलं होतं.

"अहो, पुस्तकं भिजतायत," बाई हेडक्लार्कना म्हणाल्या. "मुलं बादलीभोवती बसतात."

"मला कळतं हो बाई. पण मला कळून काय उपयोग?" हेडक्लार्कनी शब्दकोश पुढे सरकवला. "'छपराच्या बाबतीत' नको, 'व्हीज-आ-व्ही छप्पर' लिहा. साहेबांना 'कार्त ब्लांश' देऊन टाका, म्हणजे पूर्ण मोकळीक. खूश होतात."

"आणि स्पॅनिश?"

"एखादा बारकासा टाका. 'मान्याना'. म्हणजे उद्या."

दुरुस्ती मान्याना व्हावी, असं बाईंनी मुकाट्याने लिहिलं. साहेबांनी अर्ज मोठ्याने वाचला, चवीने पुन्हा वाचला आणि मंजूर केला.

गवंडी काही आला नाही. बाई विचारायला गेल्या, तर साहेबांनी अर्जावर बोट ठेवलं. "तुम्हीच 'उद्या' मागितलंय. आज पाठवला तर नियमबाह्य होईल."

दुसऱ्या दिवशीही त्यांनी तिथेच बोट ठेवलं.

"मग खोडा तो शब्द!"

"खोडला तर स्पॅनिश कमी पडतं. अर्जच बाद."

एका सुट्टीच्या दिवशी, नशिबाने खोली रिकामी असताना, छप्पर खाली आलं. दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडताच बाई धापा टाकत पोचल्या. साहेबांचा चेहरा खुलला. 'फेत आकोंप्ली' वापरायची संधी ते केव्हापासून शोधत होते. घडून गेलं, आता बदलायचं नाही! छप्परच नाही म्हणजे गळती नाही, तक्रार निकाली.

खोलीला कुलूप लागलं. फाटकावर पाटी आली: 'व्हीज-आ-व्ही मुलांची खोली: कायमची बंद, फेत आकोंप्ली. हरकत असल्यास मान्याना कळवावी.'

"आणि कुणी हरकत घेतली तर?" बाईंनी विचारलं.

"तर खोली बांधून द्यावी लागेल. कर्मचारी सोडून कुणाचीही एक हरकत पुरते." साहेब प्रामाणिकपणे म्हणाले. "पण लोकांची हरकत दिसत नाही."

आता बाई फाटकासमोरच्या पायऱ्यांवर मुलांना घेऊन बसतात. परवा एका चिमुरडीने विचारलं, "बाई, सगळे पाटी वाचून मान का हलवतात?"

"कळलं, असं दाखवायला, बाळा."

"आणि कळलेलं नसलं तर?"

"तर जास्त जोरात हलवतात."

तेवढ्यात तुम्ही तिथून गेलात. थांबलात, चष्मा सारखा केलात, पाटी शेवटपर्यंत वाचलीत. मुलांनी गोष्ट थांबवायला लावली होती; सगळी तुमच्या मानेकडेच बघत होती.