विटकोम्ब जंक्शनचा रॅम्प

दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो, हे आपल्याकडे कोणीही फुकट सांगतं. ब्रिटनमध्ये तेच सिद्ध करायला दोन रेल्वे कंपन्या, एक जंक्शन आणि बावन्न पानांचा करार लागला. इथे सगळं कसं पद्धतशीर होतं, याचं मला नेहमीच कौतुक वाटतं.

ब्रॅकनेलच्या पलीकडे विटकोम्ब नावाचं जंक्शन आहे. ते दोन कंपन्या मिळून चालवतात. एकीचे कर्मचारी जांभळं जॅकेट घालतात, दुसरीचे हिरवं. म्हणून आपण त्यांना जांभळी आणि हिरवी म्हणू (खरी नावं लांबलचक आहेत आणि दर चार वर्षांनी बदलतात). करारात वाटणी चोख आहे. फलाट एक आणि दोन जांभळीचे, तीन आणि चार हिरवीचे. छप्पर जांभळीचं, छपरातून गळणारं पाणी हिरवीचं. घड्याळ दोघींचं, म्हणून ते बंद आहे. कबुतरांबद्दल बोलणी चालू आहेत.

गेल्या ऑक्टोबरात एका शनिवारी सकाळी डॉ. मुरलीधर आणि त्यांच्या पत्नी सुचेताबाई या स्टेशनात आले. मुरलीधर एकोणऐंशी वर्षांचे. एकतीस वर्षं त्यांनी सरकारी हॉस्पिटलात इंग्रजांचे गुडघे बदलले. स्वतःचे बदलायची वेळ आली तेव्हा वेटिंग लिस्टवर नाव लागलं, म्हणून सध्या व्हीलचेअर. अंगात सूट, खिशात चांगलं पेन. त्यांचा मित्र उदय, वय चौऱ्याहत्तर, त्या दिवशी बारा वाजून दहा मिनिटांनी चार स्टेशनं पुढच्या गावी, रजिस्टर ऑफिसात मधुमतीबाईंशी लग्न करणार होता. कायद्याला दोन साक्षीदार लागतात. ते हे दोघे. उदय-मधुमतींनी मुलांना अजून कळवलेलं नव्हतं (मुलं या वयात समजूतदार नसतात), त्यामुळे तिसरं माणूसच नव्हतं.

व्हीलचेअर गाडीत चढवायला रॅम्प लागतो. सुचेताबाईंनी तो आठवडाभर आधी बुक केला होता.

दहा बावन्नची गाडी दोन नंबरवर आली. गाडी हिरवीची, फलाट जांभळीचा. फलाटावर जांभळीची मायरा उभी होती. वय तेवीस, जन्म रेडिंगचा, मराठी आजीकडून आलेलं. तिच्या मागे भिंतीला एक रॅम्प साखळीने बांधलेला होता.

“सॉरी आजी,” ती म्हणाली, “हा रॅम्प फक्त पर्पल ट्रेनची आहे. ही ट्रेन ग्रीन आहे. इन्शुरन्स होत नाही. तुमचा रॅम्प प्लॅटफॉर्म थ्रीवर वाट बघते.”

आणि खरंच, रुळांच्या पलीकडे हिरवीचा ट्रेव्हर, वय अठ्ठावन्न, रॅम्पचं हँडल धरून सज्ज उभा होता. बुकिंग त्याला वेळेवर पोचलं होतं.

“मग त्याला इकडे बोलव ना, बाळा.”

“तो इकडे अलाउड नाही. मी तिकडे अलाउड नाही.”

गाडी सुटली. ट्रेव्हरने हात हलवून सहानुभूती दाखवली (करारात तिला बंदी नाही).

मायराने तिच्या कंट्रोल रूमला कळवलं, ट्रेव्हरने त्याच्या. दोन्ही कंट्रोल रूमनी एकमेकींना ईमेल केला. दोन्हीकडून तत्काळ उत्तर आलं: आपलं म्हणणं आमच्यासाठी महत्त्वाचं आहे.

अकरा वाजून सात मिनिटांनी उदयचा फोन आला. “अरे, आहात कुठे? आजची वेळ गेली तर रजिस्ट्रार म्हणतायत, थेट जानेवारी!”

पुढची गाडी अकरा बावीसची, तीही हिरवीच आणि याच फलाटावर. त्यानंतरची उपयोगाची नव्हती.

“सुचेता, तू जा,” मुरलीधर म्हणाले. “निदान एक साक्षीदार तरी पोचेल.”

“अहो, एका साक्षीदारावर लग्न अर्धंच होतं.” (अर्धं लग्न कायद्यात बसत नाही. व्यवहारात अनेकांची चालू आहेत.)

“मग मीच चढतो.”

त्यांनी दोन्ही हातांनी खुर्चीवर जोर दिला आणि अर्धे उठले. परत बसले आणि मान वळवून सिग्नलकडे बघत राहिले. एकतीस वर्षांत त्यांनी कोणालाही, हा गुडघा माझ्या वॉर्डातला नाही, असं सांगितलं नव्हतं (सांगितलं असतं तर बढती लवकर मिळाली असती).

मायराने ते पाहिलं. अकरा बावीसची गाडी थांबली, तशी तिने जॅकेट काढलं, घडी केली आणि बाकावर ठेवलं.

“आता मी पर्पल नाही,” ती म्हणाली. “आता मी फक्त मायरा आहे.”

तिने साखळी सोडली. रॅम्प जड होता. वीतभर सरकून अडला. पलीकडे ट्रेव्हरने हिरवं जॅकेट कठड्याला अडकवलं आणि पुलाचा जिना चढून, धापा टाकत उतरून आला. गाडीचा गार्ड तोवर शिट्टी शोधत होता (ती त्याच्या तोंडातच होती). दोघांनी मिळून रॅम्प लावला. खुर्ची आत गेली.

लग्न लागलं. मुरलीधरांनी खिशातलं चांगलं पेन काढलं आणि सावकाश, पूर्ण नावाने सही केली. रजिस्ट्रारबाई घड्याळाकडे न बघता थांबल्या. मधुमतीबाईंनी डब्यातून बेसनाचे लाडू काढले, आणि उदयला चष्म्यामागून काही दिसेना.

मग रीतसर चौकशी झाली. मायरावर ठपका: ड्यूटीवर चार मिनिटं स्वतःच्या कपड्यांत वावरणे. ट्रेव्हरवर: परक्या फलाटावर विनापरवाना उपयोगी पडणे. दोघांनाही लेखी समज मिळाली.

असा प्रकार पुन्हा घडू नये (म्हणजे मदतीचा) म्हणून दोन्ही कंपन्यांचे सहा अधिकारी अकरा दिवसांच्या अभ्यासदौऱ्यावर जपानला गेले. तिथल्या एका शहरात दोन कंपन्या एकाच स्टेशनात नांदतात. अधिकाऱ्यांनी स्टेशनमास्तरांना विचारलं, “हा रॅम्प कोणाचा?” त्यांना प्रश्नच कळेना. दुभाष्याने तो तीनदा विचारला. शेवटी ते म्हणाले, “ज्याला चढायचंय त्याचा.” भाषांतरात चूक झाली असावी, अशी नोंद अहवालात आहे. शिफारस एकच आहे: यापुढे रॅम्प नाकारताना कर्मचाऱ्यांनी कमरेत वाकावं.

अहवालाला सीसीटीव्हीचा एक फोटो जोडलाय. मधोमध खुर्ची, एकटीने रॅम्प ओढणारी मायरा आणि भोवती त्रेचाळीस प्रवासी. त्यांना नंतर प्रश्नावली पाठवली होती: आपण हात का लावला नाहीत? त्रेचाळीस उत्तरं आली, सगळी सारखी: “मला वाटलं, कोणीतरी बघतंय.” (बघत तर सगळेच होते.)

गोपनीयतेसाठी चेहरे पुसट केलेत. तरी डावीकडून सातवा मी, हे मला ओळखता आलं. आठव्याचा काही पत्ता लागत नाही. कोट मात्र तुमचाच वाटतो.