जानकीबाईंनी अमेरिकी बादली दस्त केली त्याची हकीकत

आज्ञा जाहली की, परातवाडी चाळीचे नळावर जे वर्तमान रोज निराळे सांगितले जाते, ते एकदा खरे लिहावे. त्याजवरून सेवक धाकू, मुक्काम घाटकोपर, खोली नंबर अकरा, लिहितो. खोटे एक अक्षर नाही. वाढविले असेल ते शोभेपुरते.

शके १९०७, मार्गशीर्षमासी, अमेरिका मुलखाहून बास्केटबॉलचे खेळीये अंधेरीस येणार ऐसी बातमी आली. एकेक असामी दरवाजात वाकून शिरणारा. सामना नावापुरता, खरे काम थट्टा आणि करामती. हे ऐकोन राजश्री गुणाजी, कारखान्यात शिपाई, यांस वेड लागले आणि त्यांनी भर नळावर पैज मांडली की, त्या खेळीयांचाच चेंडू दहा अंक मोजेतोवर बोटावर फिरवीन, नाहीतर महिनाभर साऱ्या चाळीचे पाणी भरीन. शेजारी शिवदास यांनी तत्काल आपल्या दोन बादल्या नोंदविल्या. मग गुणाजींनी तीन आठवडे ताटांवर तालीम केली आणि आपल्या मातोश्री जानकीबाईंची सहा ताटे चेपली. सातवे कोणासाठी चेपणार ते पाहावे म्हणून मातोश्री खासा स्वारीस निघाल्या.

गुणाजी, आणि पैजेचे अंक मोजण्यास शिवदास, यांसह बसने कूच जाहले. साकीनाक्याचे खिंडीत दीड घटका फौज अडकली, आणि मग अंधेरीचे मैदानी सर्वात मागील बाकावर मुक्काम पडला. खेळीयांनी चेंडू पाठीमागून फेकिला, पायांतून काढिला, पंचाचे टोपीत लपविला. गुणाजी हात वर करून उभेच. परंतु चेंडू हाती घेण्यास पुढल्या बाकांवरील लोकांसच बोलावणे होई. मागे कोणी बघेना. गुणाजींचे डोळे भरोन आले, हे लिहिणे भाग आहे.

इतक्यात एक खेळीया, उंची सात फूट, बादली घेऊन प्रेक्षकांत धावला आणि पाणी उडवितो ऐसा आव आणून मागील बाकापावेतो चढला. लोक किंचाळून वाकले. मातोश्री मात्र उठल्या, बादलीचा कान धरला आणि गर्जल्या, "मेल्या, पाणी कित्याक सांडतस? आमच्या नळाक अर्धोच तास येता!"

आत पाहतात तो पाणी नाही, कागदाचे कपटे! मग मातोश्रींचा कोप दुप्पट जाहला, आणि तो ऐवज त्यांनी खेळीयाचेच डोकीवर रिता केला. मैदान हादरले. खेळीया गुडघे टेकून शरण आला आणि त्याने बादली व चेंडू दोन्ही नजर केले. मातोश्रींनी पदराची चुंबळ केली, चेंडू घागरीसारखा डोकीवर घेतला, बादली हाती धरली, आणि हात न लावता तोल राखीत गुणाजींपुढे उभ्या राहिल्या.

"घे रे झिला, फिरय आता."

गुणाजींनी चेंडू बोटावर घेतला. चेंडू फिरला. शिवदास मोजू लागले. सातावर चेंडू कलला. तोच शिवदासांनी आठ-नऊ-दहा एका दमात म्हणून टाकिले आणि नाक शिंकरण्यास तोंड फिरविले.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. अमेरिकी बादली हल्ली नळावर पहिली लागते, तिजमागे शिवदासांच्या दोन. त्या दिवशी सामना कोणी जिंकिला हे कोणासच स्मरत नाही. मातोश्रींस पुसिले असता उत्तर आले, "आमी." तेच दप्तरी कायम केले.