गजराबाई थोरवे यांनीं तळ्याचा पूर्वदरवाजा राखिला आणि घालविला त्याची हकीकत

॥ श्री ॥ गणरायास नमन, शारदेस नमन, आणि ज्या थंडीनें दौतींतली शाई थिजली तीसही दुरून नमन. शाई शेगडीवर धरोन ही हकीकत लिहिली असे, सबब कोठें अक्षर फिकें दिसल्यास दोष थंडीचा जाणावा, लिहिणाराचा जाणूं नये.

शके सोळाशें अठ्ठ्याण्णव, दुर्मुखनाम संवत्सर, पौष मास. ते समयीं डोंगरांपलीकडे एक राज्य होतें, त्याचें नांव घेण्याचें प्रयोजन नाहीं, आणि त्याचे शेजारीं दुसरें राज्य होतें, त्याचेंही नाहीं. दोहोंमध्यें एक तळें, अर्धा कोस लांब, तें मार्गशीर्षांत गोठे तें फाल्गुनापावेतों हलत नसे. वरून हत्ती चालविला तरी तडा न जाय, मात्र हत्ती घसरे, आणि घसरला म्हणजे थेट परराज्यांत जाऊन थांबे, आणि मग तो परत आणावयास वकील पाठवावा लागे, आणि वकीलही घसरोन भलतीकडे जाई. ऐसे हत्ती थकले, वकील थकले, मग उभय राज्यांनीं तह केला कीं तळ्याचा मान कोणाचा हा निवाडा दरसाल खेळोन करावा. प्रथम पुरुष खेळले, त्यांनीं पहिल्याच दिवशीं काठ्या टाकोन तलवारी उपसल्या, मग हुकूम जाहला कीं यापुढें बायकांचीं पथकें खेळतील. खेळ तो ऐसा कीं, दोहोंकडून सहा सहा बायका, पायीं पोलादी पात्यांचे जोडे, हातीं आंकडी काठी, आणि मध्यें एक काळी चकती, भाकरीहून लहान आणि वरवंट्याहून कठीण. तळ्याचे पूर्वेस एक दरवाजा आणि पश्चिमेस एक, म्हणजे दोन खांब, वर आडवें लांकूड आणि मागें कोळ्याचें जाळें. परक्याचे जाळ्यांत चकती घातली म्हणजे एक फत्ते. डाव दोन, आणि पहिला डाव सरला म्हणजे बाजू पालटाव्या, कारण वारा एकाच अंगानें वाही. पांच बायकांनीं धांवावें आणि सहावीनें दरवाज्यांत उभें राहावें, तीस द्वारपाळीण म्हणत.

ते काळीं गजराबाई या थोरव्यांचे घरची सून, वय वर्षें चोवीस. सासरीं त्यांस काम एकच, दुधाचे कोठीचें दार राखणें, आणि गांवांत मांजरें अकरा. मांजर उंबऱ्यावरून येई, झरोक्यांतून येई, कौलांतून उडी घाली, आणि बाई हातींचे सुपानें त्यास हवेंतच थोपवीत, मारीत नसत, नुसतें थोपवीत. अखेर अकराही मांजरें गांव सोडोन गेलीं. कोणी आठ म्हणतात, परंतु आम्हीं अकरा ऐकिलीं. एके दिवशीं बाई तळ्याकांठीं दळण घेवोन चालल्या असतां एक चकती सुटोन त्यांचे तोंडावर आली, आणि बाईंनीं न पाहतां सूप आडवें केलें, आणि चकती सुपांत राहिली, आणि डोईवरील पिठाची पाटी रेसभर हलली नाहीं. तें पाहोन पथकांतील बायका बोलिल्या, “वैनी, पाटी खालीं ठेवा आणि दरवाज्यांत उभ्या राहा.” बाई बोलिल्या, “दळणाचें काय?” बायका बोलिल्या, “दळण आम्ही पोंचवितों.” दळण पोंचलें, बाई पोंचल्या नाहींत, त्या सोळा वर्षें दरवाज्यांतच राहिल्या.

त्या सोळा वर्षांत त्यांचे अंगावर किती चकत्या आल्या त्याची गणती नाहीं, आणि आंत किती गेल्या ती गणती करणें नलगे, कारण एकही गेली नाहीं. एकदां चकती गालावर बसोन तीन दांत गेले, बाईंनीं दांत वेचोन ओच्यांत घातले आणि विचारिलें, “आंत गेली काय?” नाहीं म्हणतां बोलिल्या, “मग चालूं द्या.” एकदां धुकें ऐसें पडिलें कीं आपली काठी आपणांस दिसेना, तेव्हां बाई डोळे मिटोन उभ्या राहिल्या आणि आवाजावर चकत्या धरीत गेल्या, त्यांत एक कावळाही धरिला, तो मागाहून सोडिला. दरवाज्याचे दोहों खांबांस त्या जाऊबाई म्हणत, डावीकडील थोरली आणि उजवीकडील धाकटी, आणि खेळ नसे तेव्हां त्यांशीं सुखदुःख बोलत. चकती खांबास लागोन परतली म्हणजे म्हणत, “जाऊबाई, आज पावलांत.”

मग सोळावे सालीं पथक फत्ते करोन आलें, तेव्हां दरबार भरला, आणि श्रीमंत स्वामी प्रसन्न होवोन बोलिले, “गजराबाई, काय पाहिजे तें मागा.” बाई बोलिल्या, “महाराज, पायांस बांधावयाच्या गाद्या उसवल्या, कापूस बाहेर येतो, तेवढ्या नव्या मिळाव्या.” तेव्हां दप्तरदार आबाजीपंत यांनीं कानीं लागोन विनंति केली कीं, गाद्या देणें हें कोठीचें काम, दरबारीं दिल्या तर लोक हंसतील, कांहीं वंशपरंपरा द्यावें. आणि त्या राज्याची चाल ऐशीच होती कीं, ज्यानें कांहीं चांगलें केलें त्यास तें काम वतन करोन द्यावें, मग त्याचे नातवास तें येवो अथवा न येवो. म्हणोन आबाजीपंतांनीं तेथेंच सनद लिहिली कीं, तळ्याचा पूर्वदरवाजा गजराबाई थोरवे यांस पुत्रपौत्रादि वतन दिला असे, बाईंनीं तो राखावा, सोडोन जाऊं नये, कोणीही कोठूनही चकती टाकिली असतां आंत जाऊं न द्यावी, गेल्यास वतन जप्त होईल. वर शिक्का उठला, वाजंत्री वाजली, आणि गाद्या राहिल्या त्या राहिल्याच. परंतु घरीं सासूबाई, ज्यांनीं सोळा वर्षांत बरें म्हणोन अक्षर काढिलें नव्हतें, त्यांनीं सनद देव्हाऱ्यांत ठेविली आणि सुनेस आपले ताटाशेजारीं ताट मांडिलें. आणि गजराबाईंचे मनीं आलें कीं, चकत्या अडविल्यानें जें जाहलें नाहीं तें कागदानें जाहलें, आतां हा कागद जपावा. आबाजीपंत तळ्यावर जन्मांत गेले नव्हते आणि बाजू पालटतात हें त्यांस ठाऊक नव्हतें. ज्यांस ठाऊक होतें त्यांनीं सनद वाचिली नाहीं, नुसती कपाळीं लाविली.

शके सतराशें पंधरा, प्रमादीनाम संवत्सर, माघ मास. ते सालीं परराज्यानें नवें कलम घातलें कीं, यंदा जो हरेल त्यानें बारा वर्षें तळ्यावर पाऊल ठेवूं नये. म्हणजे हार जाहली तर पथकच मोडलें, आणि एकेचाळीस वर्षांचे बाईंस बारा वर्षांनीं कोण उभें करितो? पथकाची मुख्य लाडूबाई कानडे, वय बावीस, वाऱ्यासारखी धांवणारी, ती बाईंस अक्का म्हणे. आणि परराज्याची द्वारपाळीण मेहेरबानू, तिचाही लौकिक मोठा. या उभयतां द्वारपाळिणी बारा वर्षें एकमेकींविरुद्ध खेळल्या, परंतु एक या टोंकास आणि एक त्या टोंकास, आणि बाजू पालटतां एक तळ्याचे उत्तर कांठानें जाई आणि दुसरी दक्षिण कांठानें, सबब एकमेकींचें तोंड कधीं पाहिलें नव्हतें.

पहिला डाव जाहला, चकती कोठेंच गेली नाहीं. विश्रांति जाहली, आणि गजराबाई काठी उचलोन पश्चिमेस निघाल्या, तों कांठावरून पालखी आली, आणि भोई बर्फावर घसरले, आणि पालखी गरगर फिरत येवोन दरवाज्यापुढें थांबली, आणि आंतून आबाजीपंत सनदेची दप्तरची नक्कल छातीशीं धरोन उतरले. बोलिले, “बाई, वतन टाकोन कोठें?” बाई बोलिल्या, “पंत, बाजू पालटली. आतां हा दरवाजा त्यांचा, तो आमचा.” पंत बोलिले, “दरवाजा त्यांचा कैसा? सनद तुमची, शिक्का स्वामींचा. सोडोन गेलांत तर शिक्क्याचा अपमान जाहला.” लाडूबाई पुढें होवोन बोलिली, “अहो पंत, अक्का इथें राहिल्या तर आमच्याच चकत्या अडवितील!” पंत बोलिले, “अडवाव्याच. कोणीही कोठूनही म्हटलें आहे, त्यांत तुम्ही आलांत.” लाडूबाई बोलिली, “आणि आमचा दरवाजा मोकळा?” पंत बोलिले, “त्याविषयीं सनदेंत कांहीं नाहीं.” परराज्याचे बायकांनीं हें ऐकोन काठ्या आपटोन हंसावयास प्रारंभ केला.

इतक्यांत मेहेरबानू आपले जागीं उभी राहावयास आली, आणि जागा भरलेली पाहोन थांबली. उभयतांनीं प्रथमच एकमेकींस जवळून पाहिलें. मेहेरबानूचेही पुढचे दांत नव्हते. ती बोलिली, “बाईसाहेब, बारा बरसें तुम्हांस पाहतें, मुंगीएवढ्या दिसत होतां. सरका थोड्या, मला उभें राहणें आहे.” बाई बोलिल्या, “सरकले असतें हो, पण पंत सरकूं देत नाहींत.” आणि सर्व हकीकत सांगितली. मेहेरबानू हंसली नाहीं, खांबावर हात ठेवोन बोलिली, “आमच्याकडेही ऐसेच लोक आहेत. त्यांनीं मला इनाम म्हणून तोफ दिली. मी तोफेचें काय करूं?”

मग गजराबाईंनीं क्षणभर विचार केला आणि बोलिल्या, “पंत, वतनदारास मुतालिक नेमावयाचा हक्क आहे कीं नाहीं?” पंत बोलिले, “आहे. वतनदार आजारी पडला, यात्रेस गेला, तर त्याचे वतीनें मुतालिक काम पाहतो, आणि वतन सोडिलें ऐसें होत नाहीं.” “मग ही मेहेरबानू माझी मुतालिक.” पंत दचकले, बोलिले, “शत्रूकडील?” बाई बोलिल्या, “सनदेंत पाहा, शत्रूकडील नसावा ऐसें आहे काय?” पंतांनीं सनद दोन वेळ वाचिली आणि बोलिले, “नाहीं. परंतु बाई, ध्यानांत धरा. मुतालिकाची चूक ती वतनदाराची चूक. हिचे हातून चकती आंत गेली, तर तुमचे हातून गेली ऐसें धरिलें जाईल, आणि वतन जप्त होईल. आणि टाकणार तुमचींच माणसें.”

हें ऐकोन पथकानें काठ्या खालीं टेकविल्या. लाडूबाई हळू बोलिली, “अक्का, मग आम्हीं मारावी कीं न मारावी?” बाई बोलिल्या, “मारावी. मी त्या टोंकास एकही आंत जाऊं देत नाहीं, तुम्ही या टोंकास एक घाला.” लाडूबाई बोलिली, “आणि सासूबाईंना काय सांगाल?” बाई बोलिल्या, “तें माझें मी पाहीन. तूं चकतीकडे पाहा.” मग कंबरेचे चंचींतून एक विडा काढोन मेहेरबानूचे हातीं दिला, तो थिजोन लांकूड जाहला होता, तिनें तसाच दाढेखालीं धरिला आणि बोलिली, “बाईसाहेब, विडा घेतला, आतां कुचराई होणार नाहीं.” बाई मनांत बोलिल्या, तीच तर पंचाईत आहे. आणि पश्चिमेस गेल्या.

दुसरा डाव जो जाहला तो तैसा पूर्वीं जाहला नाहीं. परराज्याचे बायकांनीं सतरा चकत्या टाकिल्या, त्या बाईंनीं सतराही धरिल्या, शेवटली हनुवटीनें धरिली. आणि पूर्वेस मेहेरबानू आपले राज्यासाठीं खेळत होती आणि घेतलेले विड्यासाठींही, सबब दुप्पट खेळत होती, ती खांबापासून खांबापावेतों ऐशी पसरली कीं जाळें दिसेना. दरवेळीं लाडूबाई तिकडे चढोन गेली म्हणजे बाईंचें चित्त दोन ठिकाणीं होई, अर्धें म्हणे घाल, आणि अर्धें म्हणे जाऊबाई सांभाळा. डाव सरावयास अगदीं थोडा अवकाश राहिला, तेव्हां लाडूबाईनें चकती पळविली, दोघींस चुकविलें, मेहेरबानू डावीकडे झेपावली, उजवीकडे हातभर जागा उघडी पडली, आणि लाडूबाईनें काठी उचलली, आणि थबकली. तीस देव्हाऱ्यांतला कागद आठवला. अर्ध्या कोसावरून बाईंनीं ती थबकलेली काठी पाहिली, आणि अर्धें चित्त जें जाऊबाईंकडे होतें तेंही ओढोन घेतलें, आणि बोंब मारिली, “लाडू, घाल!” त्या हांकेनें डोंगरावरील बर्फ कोसळलें, पंत पालखींत निजले होते ते बाहेर पडले, आणि लाडूबाईनें चकती घातली. जाळें मागें ताणलें गेलें. सतरा वर्षांत बाईंचे दरवाज्यांत गेलेली ती पहिली चकती.

मग दरबार भरला. आबाजीपंतांनीं उजवे हातानें फत्तेचा शिरपाव दिला आणि डावे हातानें जप्तीचा हुकूम दिला, कारण दोन्ही त्यांचेच दप्तरचे होते. श्रीमंत स्वामी बोलिले, “पंत, हें कैसें? हिच्यामुळें जिंकलों ना?” पंत बोलिले, “महाराज, जिंकलों हें खरें, आणि दरवाज्यांत गेली हेंही खरें.” स्वामींनीं बाईंकडे पाहिलें, बाई बोलिल्या, “पंतांचें बरोबर आहे. हुकूम द्या, नाहीं तर ते जप्तीचेंही कोणास वतन लिहोन देतील.” मेहेरबानूनें तळ्यापलीकडून पत्र पाठविलें कीं, आपलें वतन माझे हातून गेलें, फार शरम वाटते, तोफ पाठवूं काय? बाईंनीं उत्तर लिहविलें कीं, तोफ नको, एकदां जेवावयास या. सासूबाईंनीं सनद देव्हाऱ्यांतून काढिली, घडी करोन डब्यांत घातली, आणि पानें मांडतांना क्षणभर ताट हातीं धरोन उभ्या राहिल्या, मग शेजारींच मांडिलें आणि बोलिल्या, “सबंध गांव म्हणतो तुझी हांक इथवर आली. जेव आतां, आवाज बसला असेल.”

पुढील हिवाळ्यांत लाडूबाई बोलावूं आली कीं, अक्का, दरवाजा मोकळा आहे, उभ्या राहा. बाई बोलिल्या, “सतरा वर्षें उभीच आहे. मला एक पळायची काठी दे.” आणि वयाचे बेचाळिसावे वर्षीं गजराबाई चढाईस उतरल्या, आणि फार वाईट खेळल्या, काठी पायांत घालीत, वळावें तेथें न वळतां थेट कांठावरील झुडपांत जात, आणि झुडपांतून हंसत निघत. एकही चकती त्यांनीं कोणाचे जाळ्यांत घातली नाहीं.

एवंच, गजराबाई थोरवे यांनीं दरवाजा सतरा सालें राखिला, एक चकती आंत गेली, ती आपल्याच माणसांची, आपल्याच हुकमानें. वतन एक साल चाललें, जप्त जाहलें. पळापळ तीन हिवाळे केली, ती स्वखुशीनें. हकीकत जैशी ऐकिली तैशी लिहिली, हत्तीचे बाबतींत थोडें कमीच लिहिलें असे. लेखनसीमा.