सोळा आण्यांचा गुरुवार

लातूरच्या तहसील कचेरीत मी अहलकार, म्हणजे नकला उतरवणारा कारकून. तिथे येणारे एक वकील नेहमी म्हणायचे, "पुरावा बदलला की मत बदलावं." मला ते इतकं पटलं की घरातही हाच कायदा लावायचं मी ठरवलं. (इथेच चुकलं.) खात्री आण्यांत मोजायची, सोळा आणे म्हणजे पक्की; पुरावा येईल तसे आणे वाढवायचे, घटवायचे.

त्याच आठवड्यात जळकोटच्या वसंतरावांची चिठ्ठी आली. माझी बहीण प्रेमला हिला बघायला ते मुलाला घेऊन येणार होते. मी घरात जाहीर केलं, "गुरुवारी सकाळी. सोळा आणे!" आणि चिठ्ठी नीट ठेवून दिली.

"नीट म्हंजे कुठं?" बायकोनं, सिंधूनं, विचारलं.

"आठवलं की सांगतो."

प्रेमलाची आधीची दोन स्थळं माझ्याच हुशारीपायी मोडली होती. हेही मोडलं असतं तर तिनं माझं तोंड पाहिलं नसतं, आणि तिचं बरोबरच होतं.

सोमवारी शेजारचे गुंडप्पा जळकोटाहून परतले. म्हणाले, वसंतरावांचा बैल लंगडतोय. गुरुवार आठ आण्यांवर आला. मंगळवारी ध्यानात आलं की मुलगा मास्तर, आणि आमच्या संस्थानात सरकारी सुट्टी शुक्रवारची. गुरुवार दोन आणे, शुक्रवार चौदा! शिवाय सासऱ्यांनी दिलेली माझी ढगळ, गोंड्याची रुमी टोपी हल्ली डोक्यावर घट्ट बसू लागली होती. एवढा विचार केल्यावर मेंदू वाढणारच.

"अहो, बेस्तरवार म्हनले व्हते ना तुम्ही?" सिंधू म्हणाली. (बेस्तरवार म्हणजे तिचा गुरुवार.)

"तेव्हा म्हणालो. आता पुरावा बदललाय."

"अन् चिठ्ठी? ती बी बदलली का?"

(बायकांना कायदा कळत नाही.)

गुरुवारी सकाळी मीच फर्मावलं, "आज मोकळा दिवस आहे, मिरची कुटून घ्या." प्रेमला तोंडाला फडकं बांधून उखळाशी बसली. मी कमरेला पंचा आणि डोक्यावर टोपी अशा थाटात आरशासमोर उभा होतो. तेवढ्यात दारात बैलगाडी थांबली.

वसंतराव शिंकतच आत आले. मागून मुलगा, तोही शिंकत. मी पाया पडायला वाकलो, मलाही शिंक आली, टोपी उडाली आणि तिच्यातून घडी केलेली चिठ्ठी वसंतरावांच्या पायाशी पडली.

"ही तर माझीच चिठ्ठी! बेस्तरवारच लिवलाय की."

"पण तुमचा बैल?"

"दुसरा जुंपला."

"मुलाची शाळा?"

"रजा काढली."

मला प्रेमलाकडे बघवेना. डोळ्यांत पाणी आलं. मिरचीमुळे, असं मी सर्वांना सांगितलं. तिनं मात्र फडकं सोडलं, पाहुण्यांना गूळपाणी दिलं आणि करवादली, "दादा, आधी पंचा सावर!"

मुलगा खो खो हसला. हसता हसता त्यानं बापाकडे बघून मान डोलावली.

"पसंत हाय पोरगी," वसंतराव म्हणाले. "तिथी ठरली की सांगावा धाडतो."

"चिठ्ठीच पाठवा, माझ्या नावानं," मी म्हणालो.

"न्हाई. पोरीच्या वैनीच्या कानावर घालतो."

"पण तिला वाचता येत नाही!"

"म्हनूनच. त्यांच्या ध्यानात तरी ऱ्हातंय."

मी ताठ मानेनं टोपी उचलून डोक्यावर ठेवली. ती थेट कानांपर्यंत खाली आली.