बिनचूकराव पाण्यात उतरतात

बिनचूकरावांना पोहण्यातलं सगळं येत होतं. फक्त पोहता येत नव्हतं.

हे नाव त्यांनी छापखान्यात तीस वर्षं प्रुफं तपासून कमावलं होतं. त्यांच्या लाल पेनातून ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक सुटली नव्हती. पन्नाशी उलटल्यावर पोहायला शिकायचं ठरवलं तेव्हाही बाणा तोच. पुस्तक आणलं, बैठकीच्या खोलीत स्टुलावर पालथे पडले आणि हातपाय मारू लागले. तीन महिने झाले. कोपर पुस्तकातल्या चित्रापेक्षा दोन बोटं खाली जायचं, एवढीच खोट उरली होती. ती निघाली की पाण्यात उतरायचं, असं त्यांनी घरात जाहीर केलं होतं.

बायको रोज सकाळी तलावावर पोहायला जाणारी. तिनं जोडप्यांच्या शर्यतीत दोघांची नावं परस्पर देऊन टाकली. आधी तिनं एक फेरी मारायची, तिचा हात भिंतीला लागला की ह्यांनी उलट दिशेनं दुसरी. बक्षिसाची तिला हाव नव्हती. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, आणि हरवलेल्या किल्ल्या शोधणं सोडून दोघांनी मिळून काही केल्याचं तिला आठवत नव्हतं. म्हणून ह्या फेरीवर तिचा फार जीव होता.

बिनचूकरावांनी पुढच्या वर्षीचा वायदा केला आणि कोपर दाखवलं. बायको चिडली नाही, हेच वाईट झालं.

"राहू दे," ती म्हणाली. "शेजारचे दातांचे डॉक्टर तयार आहेत. आयत्या वेळी जोडीदार बदलता येतो, विचारून आलेय मी."

हे वर्मी लागलं. पण कोपर ते कोपर.

रविवारी ते शर्टपँट, बूट आणि खिशाला पेन अशा थाटात शर्यत पाहायला गेले. काठावर डॉक्टर रबरी टोपी चढवून दंड फिरवत उभे होते. समोरून बायको सगळ्यांच्या पुढे पाणी कापत येत होती. आपली बायको इतकं सुंदर पोहते हे बिनचूकरावांनी पहिल्यांदाच पाहिलं आणि त्यांना अगदी भरून आलं. तिच्यानंतर ही टोपी उडी मारणार, हे बघवेना. त्यांनी मान वळवली, तर डॉक्टरांच्या पायाशी, अगदी पाण्याच्या कडेला, पाटी होती: 'सावधान, खोल पाणि'.

पाणि? पहिली वेलांटी?

हात आपोआप खिशाकडे गेला. ते गुडघ्यांवर बसले, वाकले, चुकीची वेलांटी खोडली. दुसरी काढायला जरासे पुढे सरकले आणि धप्पकन पाण्यात पडले. नेमका त्याच क्षणी बायकोचा हात भिंतीला लागला होता.

"चार नंबरची जोडी, नवरा उतरला," पंचांनी पुकारलं. डॉक्टर उडी मारता मारता थांबले.

"अहो, हात मारा," बायको वर चढून काठावरून पळत सांगत होती. "कसेही मारा."

बिनचूकरावांनी कसेही मारले. कोपर कुठे होतं कुणास ठाऊक. एक बूट गेला, चष्मा गेला, पाणी नाकातून आत गेलं आणि तोंडातून बाहेर आलं. पुस्तकाचं एकही पान आठवलं नाही. अचानक हाताला काहीतरी कडक लागलं. ती पलीकडची भिंत होती.

पाच जोड्यांत तिसरा नंबर! टाळ्या मात्र पहिल्या नंबरापेक्षा जास्त पडल्या.

बायकोनं त्यांना ओढून वर काढलं आणि ओल्या शर्टासकट मिठी मारली. "छान," ती म्हणाली. आयुष्यभर 'बिनचूक'खाली एक पायरीही न उतरलेल्या त्या माणसाला हा शब्द इतका गोड लागला की त्यांनी तो तिला पुन्हा म्हणायला लावला.

बचावाची रबरी ट्यूब घेऊन त्यांच्या मागोमाग फेरीभर पोहत आलेल्या तलावावरच्या प्रशिक्षिका बाई काठाला धरून धापा टाकत होत्या. बिनचूकरावांनी छाती पुढे काढली आणि आपण मारले त्या हातांना पोहण्याच्या भाषेत काय म्हणतात, ते विचारलं.

"काका, आमच्यात ह्याला बुडणं म्हणतात," बाई म्हणाल्या. "पण बुडत बुडत पलीकडे पोचलेले तुम्ही पहिलेच."