हेक्टरच्या हद्दीतला चेंडू

"माझ्या हद्दीत आजवर एकही चेंडू हरवलेला नाही, आणि हरवणारही नाही!" शुक्रवारी सकाळी हेक्टर रेनीने अख्ख्या बालक्रेग गावाला ऐकवलं. बावीस वर्षं मोठ्या गोल्फ स्पर्धांत तो अठराव्या, म्हणजे शेवटच्या होलच्या उंच गवताशी उभा राहत आला होता. चेंडू गवतात पडला की शेजारी लाल निशाण रोवायचं, एवढंच काम. पण हेक्टर ते किल्ला लढवल्यासारखं करायचा!

यंदा तर बायकांची सर्वांत मानाची स्पर्धा गावच्याच मैदानावर होती, आणि खेळायला घरचीच पोर! नात कर्स्टी वर्षभर देशोदेशी हिंडायची. आजोबांच्या वाट्याला नुसती पोस्टकार्डं. आज टिकली तर शनिवार-रविवारी पुढे खेळणार, नाहीतर गाशा गुंडाळणार. 'देवा, पोरीला रविवारपर्यंत थांबव,' एवढंच हेक्टरचं मागणं होतं, आणि तेही त्याने गावभर सांगितलं होतं.

दुपारी खबर आली. कर्स्टी शेवटच्या होलवर आहे, चार फटक्यांत संपवलं की काम फत्ते! वाळूच्या टेकाडाआड हेक्टर घटकाभर टेकला. ऊन कोवळं होतं, समुद्र हळू आवाजात काहीतरी सांगत होता. बघता बघता रविवार उजाडला. कर्स्टीच्या हातात चांदीचा करंडक, कुंपणापलीकडच्या मेंढ्यासुद्धा टाळ्या वाजवताहेत! नगराध्यक्षांनी हेक्टरच्या पाठीवर शाबासकी दिली. जरा जोरातच दिली. झोपेतही हेक्टर लाजला.

"आजोबा! चेंडू कुठाय?"

डोळे उघडले तर समोर कर्स्टी, मागे पंचबाई.

"कुठला चेंडू?"

"माझा! इकडेच आला ना!"

पंचबाईंनी घड्याळ बघितलं. "तीन मिनिटं. त्यानंतर हरवला असं धरायचं."

हेक्टरची झोप उडाली! कंबर धरलेली, वाकायची सोय नव्हती. ताठ उभ्यानेच तो काठीने गवत झोडपू लागला. बघे धावले, सगळ्यांनी गवत पिंजून काढलं. तेवढ्यात समुद्रावरून धुकं आलं, भुरभुर सुरू झाली.

"आजोबा, जॅकेटचं टोपडं घ्या डोक्यावर, भिजाल!"

"चेंडू सापडल्याशिवाय डोक्यावर काही घेणार नाही!" हेक्टर गरजला. दोन बायकांनी डोळे पुसले.

"वेळ संपली," पंचबाई म्हणाल्या.

एका फटक्याचा दंड घेऊन पुन्हा पहिल्याच जागेवरून मारायला कर्स्टी उलट्या पावली निघाली. हेक्टरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने मागे लोंबणारं टोपडं ओढून डोक्यावर घेतलं.

टण्ण!

टाळूवर आपटून चेंडू पायाशी आला. त्यावर निळ्या शाईत कर्स्टीची खूण.

"सापडला! माझ्या हद्दीत चेंडू हरवत नाही!" सवयीने तो ओरडला, आणि मग त्याला ती शाबासकी आठवली.

"तीन मिनिटांच्या आत सापडला असता तर दंड नव्हता," पंचबाई म्हणाल्या. "माणसाच्या अंगावर अडकलेला चेंडू तिथेच खाली सोडून पुढे खेळता येतं."

"आणि आता?"

"आता हरवला."

कर्स्टीला पाच फटके लागले. एका फटक्याने ती बाहेर पडली.

शनिवारी सकाळी हेक्टर काम सोडायचं ठरवून, परत करायचं निशाण उचलायला टेकाडावर गेला, तर कर्स्टी आधीच तिथे. दोन घडीच्या खुर्च्या, चहाचा थर्मास.

"चुकलो गं पोरी."

"चुकलातच! बारा वर्षं मी या स्पर्धेसाठी घाम गाळला." तिने थर्मासचं झाकण घट्ट पिळलं. "पण तुम्ही देवाकडे काय मागितलं होतं? रविवारपर्यंत थांबव, हेच ना? नीट सांगायचं होतं, खेळायला म्हणून!"

"तू थांबणार?"

"थांबावंच लागेल. तुमच्यावर कुणीतरी नजर ठेवायला हवी."

हेक्टरला भरून आलं. तो काही बोलणार, तेवढ्यात पहिला चेंडू हवेत उडाला.

"आजोबा, टोपडं!"

आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता. हेक्टरने निमूट टोपडं चढवलं.